रडणारे बाळ आणि आपली घाई



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्री साडेअकराला आमच्या बदलापूरच्या लेकीचा फोन आला. ती काही बोलण्याआधीच मागून पाच आठवड्यांच्या नातीचे रडणे ऐकू येत होते. संध्याकाळी सहाला सुरू झालेले ते रडणे मधले दूध पिण्याचे क्षण सोडले तर थांबलेच नव्हते. बाळ मुठी आवळत होते, पाय पोटाशी ओढत होते, तोंड लालबुंद झाले होते. जावईबापूंना पहाटेची लोकल गाठायची होती. शेजाऱ्यांनी एकदा दार वाजवून "काय झालं?" असे विचारले होते, आणि त्या विचारण्यातली काळजी किती व कंटाळा किती हे लेकीला कळेनासे झाले होते. शेवटी ती म्हणाली, "आई, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एक जण बाळांना सुया लावतात म्हणे. ॲक्युपंक्चर. आमच्या मजल्यावरच्या वहिनींच्या भाचीला तीन दिवसांत फरक पडला. उद्या घेऊन जाऊ का?"

आम्ही दोघे फोनपाशी गप्प बसलो. "जा" म्हणवेना आणि "नको" म्हणायला काय आधार आहे तेही सुचेना. त्या रात्रीपासून जो विचार सुरू झाला तो आपल्यापुढे ठेवावा असे वाटले. आपल्या धर्मग्रामात दर वर्षी नवी बाळे येतात आणि दर वर्षी कोणत्या तरी घरात अशी रात्र येतेच.

आधी या रडण्याविषयी. आपल्याकडे त्याला पोटात कळ येणे, मुरडा, पोटशूळ असे म्हणतात, तर डॉक्टर कॉलिक म्हणतात. १९५४ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची एक व्याख्या केली आणि ती पुढे जगभर वापरली गेली. एरवी निरोगी व नीट वाढणारे बाळ दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यातून तीन दिवसांपेक्षा जास्त आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल तर ते कॉलिक. हे रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, साधारण सहाव्या आठवड्यात कळसाला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचे आपोआप ओसरते. ते नेमके कशामुळे होते याचे एकच असे उत्तर आजही मिळालेले नाही. बाळ पाय पोटाशी घेते म्हणून आपण पोटाला दोष देतो, पण कोणत्याही कारणाने जोरात रडणारे बाळ पाय पोटाशीच घेते.

या रडण्यावर आपल्या आजी-पणजींनी काय काय केले नाही? बेंबीभोवती हिंगाचा लेप, ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, वेखंड, आणि सहाणेवर उगाळलेली बाळगुटी. त्या गुटीतली मुरुडशेंग आठवून पाहा. तिच्या शेंगा दोरीसारख्या पिळलेल्या असतात, म्हणून ती पोटातल्या पिळावर औषध ठरली. साहेबांच्या देशातही वेगळे नव्हते. १८५१ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी ग्राइप वॉटर काढले. त्यात शेपाचे तेल आणि खाण्याचा सोडा तर होताच, पण मूळ मिश्रणात मद्यार्कही होता. पिढ्यान्‌पिढ्या बाळे ते पिऊन शांत झोपली आणि आयांनी शेपाला दुवा दिला.

मुंबईच्या गिरण्यांच्या काळात याहून कठोर गोष्ट घडली. गिरणीत जाणाऱ्या आया बाळाला अफूची 'बाळागोळी' देत. बाळ दिवसभर गुंगीत पडून राही आणि आई साच्यावर उभी राही. १९२२ साली या बायांच्या प्रश्नांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी ही चाल किती सार्वत्रिक आहे ते नोंदवले. १९२९ ते १९३१ या काळात काम करणाऱ्या, कामगारांविषयीच्या शाही आयोगानेही तिची दखल घेतली आणि गिरण्यांत पाळणाघरे असावीत असे सुचवले. त्या आया दुष्ट होत्या असे कोण म्हणेल? बाळाला सांभाळायला दुसरे हात नव्हते, म्हणून गोळी आली. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

आता सुयांकडे वळू. ॲक्युपंक्चर ही चीनची जुनी उपचारपद्धती. शरीरातील ठराविक बिंदूंवर बारीक सुया टोचून आजार बरा करता येतो असे ती मानते. आपल्या मराठी माणसाला चीन आणि वैद्यक म्हटले की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत ते होते आणि जखमी सैनिकांची सेवा करता करता डिसेंबर १९४२ मध्ये तिकडेच त्यांचे देहावसान झाले. डॉ. कोटणीस शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. सुयांची विद्या भारतात आणली ती त्यांच्याच पथकातील कलकत्त्याच्या डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन आल्यावर. पुढे आपल्या महाराष्ट्राने या उपचारपद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आणि तिच्या परिषदेची व नोंदणीची तरतूद केली. म्हणजे सुया लावणारा माणूस भोंदूच असतो असे समजण्याचे कारण नाही. पण हेही खरे की कायदा झाला म्हणजे प्रत्येक आजारावर प्रत्येक सुई लागू पडते असे सिद्ध होत नाही. उपचार कोणी करावा हे कायदा ठरवतो. उपचाराने गुण येतो का हे तपासूनच पाहावे लागते.

तसे तपासलेही गेले आहे, आणि तेही नेमके तान्ह्या बाळांच्या या रडण्यावर. स्वीडनमधील काइसा लांडग्रेन या संशोधिकेने चार बालआरोग्य केंद्रांतील १४७ बाळांवर केलेला अभ्यास जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळे दोन ते आठ आठवड्यांची होती. त्यांचे तीन गट केले. दोन गटांना वेगवेगळ्या पद्धतीने सुया लावल्या, तिसऱ्याला लावल्या नाहीत. कोणत्या बाळाला सुई लागली हे आईवडिलांना सांगितले नव्हते. बाळ किती रडते याची नोंद मात्र तेच ठेवत होते. निष्कर्ष असा की सुया लावलेल्या बाळांचे रडणे थोडे अधिक कमी झाले. त्यावर बरीच टीकाही झाली, कारण दोन्ही सुईगट एकत्र मोजून हा फरक दाखवला होता. या अभ्यासातली आम्हाला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट निराळीच आहे. रडणे तिन्ही गटांत कमी झाले. ज्यांना सुई लागलीच नाही त्यांचेही!

नॉर्वेत ९० बाळांवर झालेल्या अभ्यासात फरक दिसला नाही. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला होता. मग २०१८ साली अशा तीन अभ्यासांतील ३०७ बाळांची माहिती एकत्र तपासून एक निबंध प्रसिद्ध झाला. कॉलिकसाठी बाळांना सर्रास सुया लावण्याची शिफारस करता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सुई टोचताना बाळांना काही वेदना होतात हेही त्यात आले आहे. त्या निबंधाच्या लेखकांत काइसा लांडग्रेन यांचेही नाव आहे. ज्यांच्या स्वतःच्या अभ्यासाने सुईची बाजू घेतली होती, त्यांनीच सर्व पुरावा एकत्र मांडल्यावर त्याखाली सही केली. हा प्रामाणिकपणा आम्हाला शिकण्यासारखा वाटतो.

इथे कोणी म्हणेल, "चला, प्रश्न मिटला. गुण येत नाही तर नका नेऊ." पण प्रश्न इतक्यावर मिटत नाही. आमच्या लेकीने दुसऱ्या दिवशी तोच विचारला. "पप्पा, कदाचित फरक पडणार नाही. पण कदाचित पडेलही. सुई केसासारखी बारीक असते म्हणतात. मग करून पाहायला काय हरकत आहे?"

करून पाहायला काय हरकत आहे? बंधुभगिनींनो, हे वाक्य आपण आयुष्यात किती वेळा बोलतो! स्वतःच्या बाबतीत ते पुष्कळदा चालते. गुडघा दुखणारे साठीचे गृहस्थ म्हणतात, "मी सुया लावून पाहतो." गुडघा त्यांचा, दुखणे त्यांचे, पैसे त्यांचे, आणि "पुरे" म्हणण्याचा अधिकारही त्यांचा. बाळाच्या बाबतीत करून पाहणारे आपण आणि टोचले जाणारे ते. "हरकत आहे" असे बाळ फक्त रडून सांगू शकते, आणि त्या रडण्यालाच आपण आजार समजून बसलो आहोत.

"मग लस कशी चालते?" असे लेकीने लगेच विचारले. प्रश्न योग्य होता. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला आपणच बाळाला दवाखान्यात नेतो, मांडी घट्ट धरतो आणि सिस्टर सुई टोचतात. बाळ कळवळून रडते, तरी आपण ते योग्यच मानतो. तेव्हा बाळाला टोचणे हेच पाप असे म्हणता येणार नाही. फरक आहे तो हिशेबात. लसीची वेदना बाळ सोसते आणि घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांपासूनचे संरक्षणही बाळालाच मिळते. ते मिळते याचा भक्कम पुरावा आहे, आणि न टोचल्यास होणारे नुकसान टोचण्याहून फार मोठे आहे. कॉलिकच्या सुईत वेदना बाळाची, लाभ अनिश्चित, आणि न टोचल्यास काय होणार? जे रडणे एरवीही ओसरणारच आहे ते ओसरेपर्यंत वाट पाहावी लागणार. ही वाट पाहणे कोणाला जड जाते? आपल्याला.

म्हणून आम्ही एक साधी कसोटी मनाशी धरली. जो स्वतः "हो" किंवा "नाही" म्हणू शकत नाही, त्याच्या देहावर केलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या भल्यासाठीच असली पाहिजे. आपली काळजी शमावी म्हणून ती करता येणार नाही. ही कसोटी बाळाला लागू आहे, तशी अंथरुणाला खिळलेल्या आणि बोलणे गेलेल्या म्हाताऱ्या माणसालाही लागू आहे.

यावर एक मऊ युक्तिवाद केला जातो. सुई लावल्याने निदान आईला धीर येतो, आई शांत झाली की बाळही शांत होते, मग उपाय खोटा का असेना, उपयोग खराच ना? आम्ही यावर बराच विचार केला. बाळाला सुईवर विश्वास ठेवता येत नाही. विश्वास असतो तो आईबापांचा. म्हणजे बाळाला टोचून आईला धीर द्यायचा! आईला धीर हवाच आहे, पण तो देण्याचा मार्ग बाळाच्या कातडीतून कशाला जावा? स्वीडनच्या त्या तिसऱ्या गटाकडे पुन्हा पाहा. सुई न लागलेल्या बाळांनाही दोन आठवड्यांत चार वेळा त्या केंद्रात आणले गेले होते. तिथे कोणीतरी बाळाला आपुलकीने हातात घेतले, आईवडिलांचे म्हणणे ऐकून घेतले. काळाने त्याचे काम केले आणि माणसांनी त्यांचे.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगायची वेळ आली. ती सांगताना संकोच वाटतो.

१९८६ साली आमचा थोरला मुलगा महिन्याचा असताना असाच रडत असे. आम्ही तेव्हा अंबरनाथला चाळीत एका खोलीत राहत होतो. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी सुईच्या टोकावर बिब्बा धरला, दिव्यावर तापवला आणि त्याच्या तेलाचे ठिपके बाळाच्या बेंबीभोवती दिले. त्याचे पाय आम्हीच धरले होते. त्यांच्या मनात मायेशिवाय काही नव्हते आणि आमच्या मनात भीतीशिवाय. बाळ किंचाळले आणि थोड्या वेळाने झोपी गेले. "बघा, उतरला की नाही!" असे सगळे म्हणाले, आम्हीही म्हणालो. कित्येक वर्षे आम्ही ही हकिकत इतरांना उपाय म्हणून सांगत राहिलो. ते डाग त्याच्या पोटावर आजही आहेत.

२०२५ च्या सुरुवातीला मेळघाटात, चिखलदरा तालुक्यात, २२ दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने ६५ चटके दिल्याची बातमी आली. अनेकांनी हळहळ व्यक्त केली, काहींनी "अडाणी लोक" म्हटले. आम्हाला तसे म्हणता आले नाही. विळा, बिब्बा आणि निर्जंतुक केलेली बारीक सुई यांत इजेचे फार मोठे अंतर आहे. त्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. पण त्या प्रत्येकाला धरणाऱ्या हातामागचे मन पुष्कळदा एकच असते. रडणे सहन होत नाही, काहीतरी केलेच पाहिजे, आणि काही केल्यावर रडणे थांबले तर ते केल्यामुळेच थांबले. सहाव्या आठवड्यात कळस गाठलेले रडणे सातव्यात उतरणारच असते. त्या उताराच्या तोंडाशी जो कोणी उभा असतो त्याच्या पदरात यश पडते, मग तो हिंग असो, बिब्बा असो की सुई.

मग आम्ही काय केले? प्रथम बाळाला तपासून घेतले. हे कोणीही टाळू नये. बाळाला ताप असेल, हिरवी उलटी होत असेल, शौचातून रक्त जात असेल, पोट फुगून कडक झाले असेल, जांघेत फुगवटा दिसत असेल, बाळ दूध घेत नसेल किंवा वजन वाढत नसेल, तर ते साधे कॉलिक समजून घरी बसू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. आमच्या नातीचे वजन छान वाढत होते. डॉक्टरांनी सांगितले की आईचे दूध चालू ठेवा, वरचे काही पाजू नका आणि वाट पाहा.

वाट पाहा म्हणणे सोपे. ती पाहायची कोणी? एकटीने? गिरणीतल्या त्या आईला बाळागोळी द्यावी लागली कारण दुसरे हात नव्हते. आमच्या लेकीने सुईचा विचार केला तोही त्याच कारणाने. तेव्हा आमच्या लक्षात आले की आपण तिला "नको" म्हणालो तर आपलीही जबाबदारी वाढते. नुसते "बाळं रडतातच" असे म्हणून फोन ठेवणे म्हणजे तिला उपायाशिवाय आणि सोबतीशिवायही सोडणे. त्यापेक्षा तो सुई लावणारा बरा, तो निदान ऐकून तरी घेतो.

मग आम्ही रोज संध्याकाळी अंबरनाथहून लोकल धरून बदलापूरला जाऊ लागलो. एका स्टेशनाचा तर प्रवास. सहा ते दहा बाळ आमच्याकडे आणि लेक आतल्या खोलीत दार लावून झोपलेली. आम्ही आळीपाळीने बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घातल्या, झोळी हलवली, गाणी म्हटली. बाळ रडतच होते, खोटे कशाला सांगू? पण रडणाऱ्या बाळाला कोणीतरी धरून होते आणि दमलेली आई झोपली होती. आमच्याही हातातले बळ संपे तेव्हा बाळाला अंथरुणावर सुरक्षित उताणे ठेवून आम्ही पाच मिनिटे गॅलरीत उभे राहत असू. यात लाज नाही. वैतागाच्या भरात बाळाला गदागदा हलवण्यापेक्षा ते हजारपट चांगले. तसे हलवण्याने बाळाच्या मेंदूला इजा होऊन जीवही जाऊ शकतो.

असे सुमारे सात आठवडे गेले. मग एका मंगळवारी आम्ही पोहोचलो तर घर शांत. नात छताच्या पंख्याकडे पाहून हात हलवत होती. त्याच आठवड्यात सुया लावल्या असत्या, तर आज आम्ही आपल्याला त्या माणसाचा पत्ता देत असतो, आणि अगदी मनापासून.

स्नानसंस्काराच्या दिवशी थोरला मुलगा भाचीला मांडीवर घेऊन बसला होता. आम्ही त्याला प्रथमच बिब्ब्याची गोष्ट पूर्ण सांगितली, त्याचे पाय कोणी धरले होते तेही. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी तेव्हा खरंच गप्प झालो होतो?" "हो, झाला होतास." "रडून थकलो असेन," तो म्हणाला, आणि हसला. आम्हाला हसता आले नाही.

बंधुभगिनींनो, रविवारी मिस्सेच्या वेळी बाळ रडू लागले की एखादी आई उठते, माना वळतात आणि ती खाली मान घालून बाहेर पोर्चमध्ये जाऊन उभी राहते. तिच्यासोबत सहसा कोणी जात नाही. येत्या रविवारी आपल्यापैकी कोणीतरी उठावे. तिला कोणताही उपाय सांगू नये. फक्त "जरा माझ्याकडे दे" एवढे म्हणावे, आणि दहा मिनिटे ते रडणारे बाळ आपल्या खांद्यावर घ्यावे.